चांगुणाच्या नावावरची मारुती

१२ ऑगस्ट १९८३
मारुतीच्या ड्रॉमध्ये नंबर लागला! अर्ज दोन भरले होते, लागला बायकोचा. चांगुणा शाळेत मास्तरीण, तिला गाडीतलं काय कळतं? नाव तिचं, नशीब माझं.

३ मार्च १९८५, सकाळी ९
गाडी आली. पांढरीशुभ्र. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत पहिलीच. चांगुणा म्हणाली, मीही शिकते. म्हटलं, आधी भाकरी गोल करायला शीक. शेजारचे धोंडीराम खूप हसले. तीही हसली असावी, तोंडाला पदर होता.

२० मार्च
ड्रायव्हिंग टेस्ट. नापास. साहेबांच्या अंगावर मी घातली नाही, तेच मध्ये आले.

१८ एप्रिल
परत नापास. चांगुणा गुपचूप क्लासला जात होती, ती पहिल्या झटक्यात पास. तिला सोपा रस्ता दिला असणार. किल्ली ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. घरात शिस्त हवी.

२ जून
चांगुणाला तिसरा महिना. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या. म्हणाली, अहो, किल्ली द्या, मीच चालवत दवाखान्यात जाते. म्हटलं, सीटला डाग पडला तर जन्मात निघणार नाही. रिक्षा बघ. रिक्षा मिळेना. चालत गेली.

३ जून
मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, दगदग झाली. शाळा सोड म्हणून मी कधीचा सांगतोय. ऐकायचं नाही, मग असं होतं. मलाही वाईट वाटलंच. दुपारी जेवलो नाही. चहा घेतला.

११ जून
ऑफिसातून आलो तर ट्रंकेचं कुलूप फोडलेलं. गाडी घेऊन चांगुणा सटाण्याला माहेरी गेली. मला न विचारता! आठ दिवसांत येईल परत. माझ्याशिवाय तिला करमत नाही.

३० जून
आली नाही. शाळेत रजा टाकली असेल.

१५ सप्टेंबर, दुपारी ४
आली! भाऊ जयराम बरोबर होता. इंजिन बंद केलं नाही. म्हटलं, चहा घे. म्हणाली, नको, अंधाराच्या आत पोचायचंय. जयरामने घटस्फोटाचे कागद पुढे केले. नुसती धमकी आहे. सही केली की घाबरेल. केली. पत्र्याला ओरखडा नको म्हणून बॉनेटवर आधी रुमाल पसरला, त्यावर कागद.
वळताना तिने आरशात पाहिलं. मी हात केला.
मागून ट्रक येत होता, तो बघत होती.