बाबांच्या हाताजोगी गिटार

८ फेब्रुवारी, रविवार

लाल बेस विकला गेला! टेंपीहून एक दाढीवाले गृहस्थ आले होते. वाजवून बघितला, आवडला, आणि आवडल्यावर गिऱ्हाईक जे करतं तेच केलं. खोट काढली. म्हणे फ्रेटची टोकं बोटांना लागतात. बरोबर आहे, लागतात. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि त्यावरच्या धातूच्या पट्ट्या बाहेर डोकावतात. कानस काढली, त्यांच्यासमोर डायनिंग टेबलावर घासून गुळगुळीत करून दिल्या. सांगितले तेवढे पैसे मोजले. खोट डोळ्यांदेखत काढून दिली की कुणाला घासाघीस सुचत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

बाबा सोफ्यावर बसून सगळं बघत होते. नागपूरहून येऊन त्यांना आता महिना होईल. दार लागल्यावर म्हणाले, "दाखवलं तू मस्त. पण वाजवलं कुठं?"

म्हटलं, बाबा, हा धंदा आहे. जुन्या गिटारी, बेस घ्यायचे, दुरुस्त करून विकायचे. चिपच्या कारखान्यातल्या नोकरीशिवायचा माझा स्वतःचा.

"असू दे ना," म्हणाले, आणि डावा हात स्वेटरच्या खिशात घातला.

११ फेब्रु.

तो खिशातला हात डोक्यातून जात नाहीये.

आयुष्यभर गायन पार्टीत बेंजो वाजवला या माणसाने. एप्रिल उजाडला की घरात सापडायचे नाहीत. आज या गावची भीमजयंती, उद्या त्या गावची. मग पॅरालिसिसचा झटका. पाय परत आला, बोलणं परत आलं, डाव्या हाताची बोटं नाही आली. मूठ वळते, पण बोटं सुटी उचलत नाहीत. आणि बेंजोच्या पट्ट्या तर त्याच बोटांनी दाबायच्या.

आज सहज विचारलं, बेंजो कुठे ठेवलाय? "देला. पार्टीतल्या पोराले. काहून ठेवायचा?"

मला फोनवरसुद्धा सांगितलं नव्हतं. राग आला. दिल्याचा नाही, न सांगितल्याचा.

पण रडत बसणाऱ्यांतली मी नाही. डावखुऱ्यांना गिटार शोधून दिलीय, बोटाचं पेर तुटलेल्या सुताराला दिलीय. प्रत्येक हाताला वाद्य असतं, फक्त ते कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पडलेलं असतं. ११ एप्रिलला इथल्या जयंतीच्या कार्यक्रमात बाबा वाजवणार. लिहून ठेवलं, म्हणजे ठरलं.

१५ फेब्रु.

पहिला प्रयत्न: पातळ तारांची गिटार, तारा जेवढ्या खाली आणता येतात तेवढ्या आणल्या. बाबांनी मूठ टेकवली. भुण्ण.

"मच्छर हाय का हा?"

दुसरा प्रयत्न: छोटा बेस, मांडीवर आडवा ठेवून. आवाज आवडला त्यांना, चेहऱ्यावर दिसलं. तार दाबली जाईना. मी तिसरी गिटार आणायला उठले तर म्हणाले, "बस झालं. लेकराले चमचे देतात तशी एकेक देऊन राहिली तू मले."

मिलिंद किचनमधून हसला. नवरे नको तिथे हसतात.

२२ फेब्रु.

सापडली!!

जवळच मेसा गावात डोना म्हणून बाई आहेत, सत्तरीच्या. घर आवरून मुलीकडे चालल्यात. गॅरेजमध्ये मांडीवर आडवी ठेवून वाजवायची इलेक्ट्रिक गिटार, लॅप स्टील म्हणतात तिला. तारा उंच. बोटांनी दाबायच्याच नाहीत. डाव्या हातात पोलादाची जाड कांडी धरायची आणि तारांवर टेकवायची. मूठ वळली की झालं. मला हे आधी सुचू नये? मी स्वतः दोन विकल्यात!

बाबांना घेऊनच गेले होते. डोनाने स्टूल दिलं, कांडी हातात दिली. बाबांनी टेकवली, उजव्या हाताने तार छेडली, कांडी वर सरकवली. गॅरेजभर सूर. डोना टाळ्या वाजवायला लागली. बाबांनी लगेच कांडी खाली ठेवली आणि "थँक्यू" म्हणून गाडीत जाऊन बसले.

मी विकत घेतली. घासाघीस केली नाही, कारण मूड गेला होता.

गाडी हायवेला लागली. मग म्हणाले, "हे रडते."

२३ फेब्रु.

काल अर्धवट राहिलं. आज चहाच्या वेळी नीट विचारलं, रडते म्हणजे काय?

"बेंजो बोलते. टक टक, एकेक शब्द. मागच्या रांगेतल्या म्हातारीले समजते. हे तुझं वाद्य एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाते. रडल्यासारखं. जयंतीले रडत नसतात, पोरी. रडाले घर हाय."

वाद्याला खोट असती तर काढली असती. वाद्य चोख आहे, बाबाही चोख आहेत. लॅप स्टील केसमध्ये घालून भिंतीला लावली. दिवसभर चिडचिड.

१ मार्च

आज मी शिफ्टला. मिलिंदचा मेसेज: "तुझ्या रूममधून बेंजोचा आवाज येतोय. मी आत जात नाहीये."

घरी आले तर बाबा पलंगावर मांडी घालून, लॅप स्टील पुढ्यात. तारांच्या खाली, उजव्या टोकाला, किचनमधला नॅपकिन घडी करून खुपसलेला. त्यामुळे सूर लांबतच नाही. टक, आणि संपला. आणि कांडी सरकवत नव्हते. उचलायची, ठेवायची, उचलायची, ठेवायची. गाणं शब्दन्‌शब्द कळत होतं.

"घसरू नाही देलं तर नाही रडत," म्हणाले.

एवढी वर्षं गिटारींतले पिकअप बदलतेय, वायरी जोडतेय, आणि मला नॅपकिन सुचला नाही. फार अभिमान वाटला. "तो नॅपकिन हात पुसायचा आहे बाबा," एवढंच म्हटलं.

८ मार्च

अडचण. थोडा वेळ वाजवलं की मूठ थकते, कांडी सुटते. तारांवर पडली की अँपच्या स्पीकरमधून असा आवाज येतो की शेजारचा कुत्रा भुंकतो. मी वेल्क्रोचा पट्टा शिवून दिला, कांडी हाताला बांधायला. काढून फेकला.

"हाताले पट्टा नाही पाहिजे. मी काय बैल हाय?"

वर अट घातली. कार्यक्रमात वाजवीन, पण बाजूला बेसवर तू.

म्हटलं, बाबा, मी चारचौघांत कधी वाजवलेलं नाही.

"मग आता वाजव."

खरं सांगायचं तर भीती वाटली. गिऱ्हाइकासमोर मी वाघीण आहे, कारण तिथे लोक वाद्याकडे बघतात. लहानपणी पार्टी आमच्या अंगणात तालमीला बसायची. मी चहाचे कप न्यायचे आणि दाराशी उभी राहून ऐकायचे. बस म्हणून कुणी म्हटलं नाही, बाबांनीसुद्धा नाही. त्या वेळी वाईट वाटायचं. आज "बस" म्हणाले तर मीच सबबी शोधतेय.

हो म्हणून टाकलं.

२१ मार्च

रोज संध्याकाळी तालीम. ढोलकीला राहुल येतो, टेंपीला पीएचडी करतो, अमरावतीचा. त्याचं कौतुक होतं. माझं नाही.

"तू गिऱ्हाइकाले दाखवल्यासारखी वाजवून राहिली. किती सूर ते! दोन धर. दोनच. पण सोडू नको. पार्टीत एकाचं चुकलं, पडलं, काही झालं, तरी बाकीचे थांबत नसतात."

दोन सूर धरून बसणं किती अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. हात सारखा काहीतरी नक्षी काढायला बघतो. राहुल म्हणे, "काकू, यू आर रशिंग."

काकू! अजून चाळिशीसुद्धा नाही माझी.

२ एप्रिल

वंदनाताईंचा फोन. कार्यक्रम त्याच बघतात, गाणारही त्याच. "प्रज्ञा, काकांना झेपेल ना गं? हात... म्हणजे बॅकअपला ट्रॅक ठेवूया का? काही झालं तर प्ले करता येईल."

मन चांगलं आहे त्यांचं. तरी म्हटलं, ताई, ट्रॅक नको. त्यांना झेपेल, आणि नाही झेपलं तर ते तुमच्यासमोर नाही झेपणार, लपूनछपून नाही.

फोन ठेवला तर बाबा मागे उभे. ऐकलं होतं सगळं.

"बरं बोलली," म्हणाले.

११ एप्रिल, रात्र

पहिली दोन कडवी सोन्यासारखी. हॉल भरलेला, निळे झेंडे, मागच्या रांगेपर्यंत लोक उभे. वंदनाताईंचा आवाज लागला होता. बाबांची कांडी टक टक टक, आणि माझे दोन सूर खाली.

तिसऱ्या कडव्यात कांडी सुटली. तारांवर आपटली, अँप गरजला, कांडी घरंगळत स्टेजवरून खाली गेली. वंदनाताईंनी वळून बघितलं. माझा हात थांबायला निघाला होता. वाद्याचं काही बिघडलं की थांबायचं आणि खोट शोधायची, हीच सवय आहे माझ्या हाताला. थांबले नाही. दोन सूर. दोन सूर. राहुल थांबला नाही. वंदनाताईंनी पुढची ओळ उचलली.

बाबांनी रिकाम्या मुठीकडे बघितलं. मग उजव्या हाताने मोकळ्या ताराच ढोलकीच्या ठेक्यावर झणकारायला लागले, सगळ्या एकदम. नॅपकिन काढून फेकला. टाळ्यांनी ठेका धरला अख्ख्या हॉलने. पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी कांडी उचलून पदराने पुसून आणून दिली. धृपदाला बाबा परत आत.

संपल्यावर लोक "जय भीम काका" म्हणत भेटायला येत होते. बाबांनी प्रत्येकाला मला दाखवून सांगितलं, "हे माझी बेसवाली."

मुलगी म्हणाले नाहीत. मला फार फार बरं वाटलं.

२४ एप्रिल

उद्या बाबांचं विमान. लॅप स्टील सोबत जातेय. केसमध्ये टॉवेल कोंबले, वर नॅपकिनांची अख्खी चळत. बॅग वजनात बसावी म्हणून स्वतःचे दोन स्वेटर काढून ठेवले त्यांनी. म्हणे नागपूरच्या मे महिन्यात स्वेटर घालून कुठं जाऊ.

सकाळी त्यांच्या जुन्या ढोलकीवाल्याशी, वामनकाकांशी, फोन चालला होता. "नाही, बेंजो नाही. दुसरं हाय. आल्यावर पाहजो. हो, बसू ना. बसाचंच हाय."

फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"आमच्यात बेसवाला कोणीच नाही. तू कधी येते?"

सहज. चहा ठेवतेस का विचारावं तसं. मिलिंदने पेपरातून मान वर केली. मी म्हटलं, बाबा, रजा, नोकरी, तिकडे पार्टीत बाई कुठे... "कधी येते, ते विचारलं," म्हणाले, आणि बॅगेचं कुलूप शोधायला गेले.

दुपारी फिनिक्सहून एकाचा मेसेज आला. मी कार्यक्रमात वाजवलेला काळा बेस जानेवारीपासून विकायला टाकलेला आहे. अजून आहे का, म्हणून विचारतो. संध्याकाळी पुन्हा विचारलं. मला दहा मिनिटांच्या आत उत्तर द्यायची सवय आहे. अजून दिलेलं नाही.