काष्टीच्या भिंतीवरचा तिसरा रकाना

मी, श्रीमती लंकाबाई गहिनीनाथ वाबळे, वय ६०, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वहस्ते लिहून ठेवते.

माझे चित्त ठिकाणावर आहे. पुतणे काकासाहेब यांना तसे वाटत नाही, म्हणून काल त्यांनी डॉक्टर आणले. नवीन काय, असे डॉक्टरांनी विचारले. "या घडीला चंद्रावर दोन माणसे फिरत आहेत," असे मी सांगताच त्यांनी पुतण्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिले. ते वाचून त्यांनी दाखला लिहिला. तो सोबत जोडला आहे.

कलम १. राहते घर माझ्या पगारातून बांधलेले आहे, वडिलार्जित नाही. ते मी दिलावर पेंटर यांची मुलगी शकिला, इयत्ता दहावी, हिला देते. ती सज्ञान होईपर्यंत दिलावरने सांभाळावे.

याचे कारण लिहिणे भाग आहे. १९६९ साली अमेरिकेची माणसे चंद्रावर उतरली, तेव्हा मी शाळेच्या भिंतीवर तक्ता करवून घेतला. रशिया, अमेरिका, भारत असे तीन रकाने. पहिला उपग्रह कोणाचा, पहिला माणूस कोणाचा, पहिली बाई कोणाची. दिलावरने अक्षरे फुकट रंगवली. भारताचा रकाना कोरा होता. पंधरा ऑगस्टला आलेले पाहुणे म्हणाले, हा देशाचा अपमान आहे, पुसा. मी म्हणाले, अपमान नव्हे, जागा राखून ठेवली आहे. बाकीच्या शिक्षकांनी माफीपत्रावर सह्या केल्या, मी केली नाही. चुना फासायला दिलावरला बोलावले, तर तो म्हणाला, "बाई, मी लिवलंय, मी न्हाई पुसनार." शेवटी शाळा समितीचे सभासद म्हणून काकासाहेबांनीच बादली उचलली.

दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर कोळशाने तिन्ही रकाने पुन्हा आखलेले निघाले. मी आखले, असे मी लेखी दिले आणि नोकरीचे शेवटचे वर्ष बदलीवर नेवाशाला काढले. ते लेखी खोटे होते. आखले तेव्हा सातवीत असलेल्या शकिलाने. आता माझे कोणी काही बिघडवू शकत नाही, म्हणून खरे लिहिते. तिची माफी मागायची तर आता गावाने मागावी.

कलम २. रेडिओ दिलावरला. त्यावर मॉस्को आणि वॉशिंग्टन दोन्ही लागतात. दोघेही आपलेच घोडे पुढे दामटतात, तेव्हा दोन्ही ऐकावे.

कलम ३. दुर्बीण शाळेला. आधी मुलींनी पाहावे, मग मुलांनी, उरलाच वेळ तर समितीने.

कलम ४. काकासाहेबांना ती चुन्याची बादली. मी शाळेकडून मागून आणली आहे. त्यांना कोर्टात जायचे असेल तर खुशाल जावे. दावा चालेल तोवर शकिलाने त्याच घरात बसून अभ्यास करावा.

स्थळ : काष्टी
दिनांक : १४ डिसेंबर १९७२

सही : लंकाबाई गहिनीनाथ वाबळे

साक्षीदार :

१. सहादेव रंगनाथ कोकाटे, पोस्टमन, काष्टी.

२. सौ. बनुबाई काकासाहेब वाबळे. वर लिहिलेल्या पुतण्याची मी पत्नी. घरातून जाऊ नको म्हणाले, तरी आले. मजकूर स्वतः वाचला. सही माझ्या हातची.