आईंच्या तव्यावर माझी तंबाखू

३ जानेवारी, शनिवार

जमली एकदाची! आज सिगरेट शेवटपर्यंत विझली नाही.

पाईपची तंबाखू कागदात वळायची म्हणजे चेष्टा नाही. ऑफिसातल्या सहदेव सरांनी पाईप सोडला आणि डबा मला दिला — "जुनी जात आहे रसिका, हिला घाई चालत नाही." खरंच नाही चालत. वड्यांसारखी दाबलेली, ओलसर. बोटांनी मोकळी करायची, ताटात पसरून सुकवायची, मग सैलसर वळायची. मी आपली घट्ट वळायचे, गुदमरायची बिचारी!

सुशांत घरी येईपर्यंत गॅलरी माझी. रोज एकच. बरं वाटतं. फार बरं वाटतं.

७ जानेवारी, बुधवार

सुशांतची आई खडवलीहून आमच्याकडे मानपाड्याला कायमच्या राहायला आल्या. माणूस गोड आहे, पण माझी पंचाईत! सासरे तोंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हापासून या घरात तंबाखूचं नाव काढायचं नाही. आईंची मशेरीसुद्धा सुशांतने शपथ घालून बंद केलेली. माझं कळलं तर तो भांडणार नाही, रडेल. तेच मला बघवणार नाही.

डबा राजगिऱ्याच्या पिठामागे सरकवला.

९ जानेवारी, शुक्रवार

वाट लागली!

सकाळी ताट फ्रिजवर सुकायला ठेवलं आणि तशीच ऑफिसला पळाले. संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकते तर जळका वास. आत बघते तर काय — आईंनी पोळ्यांच्या तव्यावर माझी तंबाखू भाजून, कुटून, मशेरी करून ठेवलेली! ताटातली तर भाजलीच, वास काढत जाऊन डब्यातली निम्मीसुद्धा. बोट काळं, दात काळे, चेहरा मात्र असा खुललेला!

"मना वाटलं, तू माझ्यासाठीच आणलीस. सुशांतला सांगायची नाय हां मी!"

म्हटलं, "हो आई, तुमच्यासाठीच." एवढी जुनी जातिवंत तंबाखू, आणि बाई वर मलाच ऐकवतात — "गोड हाय, पण चढत नाय."

खिडक्या उघडल्या, उदबत्त्या लावल्या, वर लसणाची झणझणीत फोडणी. सुशांत आला तो हुंगतच — "आज काय स्पेशल?" आई म्हणाल्या, "तुझी बायको सुगरण हाय." मला हसू आवरेना.

१० जानेवारी

तवा घासून घासून हात गेले.

११ जानेवारी, रविवार

सुशांत मित्रांबरोबर बाहेर. आई झोपल्यात असं समजून गॅलरीत पेटवली, तर मागून आवाज — "भाजून झाल्यावर मना कागद दिसले. मशेरीला कागद कशाला लागतात गो?"

मेलेच! सिगरेट विझवायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. फुकट कशाला घालवतेस?" पाटावर बसल्या, पदराच्या गाठीतली मशेरी सोडली. त्या बोटाने दात घासतायत, मी धूर सोडतेय. खाली रिक्षावाल्यांची भांडणं चाललेली.

मग सासऱ्यांचं बोलल्या. "ते गेले तवा सगळी रडत होती. मना मात्र मशेरीची तलफ आलेली. पापीण हाय मी." मी म्हटलं, "मग मी कोण?" आधी मी हसले, मग त्या. हसता हसता त्यांचे डोळे भरले. मी हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आईंच्या इतक्या जवळ मी कधी बसलेच नव्हते.

१४ जानेवारी, बुधवार

तिळगूळ दिला, वाकून नमस्कार केला. आई कानात पुटपुटल्या, "डबा संपत आलाय गो!"

१६ जानेवारी

सुखात आहे. आईंची दाढ दुखतेय म्हणे, सोमवारी दाखवू.

१९ जानेवारी, सोमवार

नौपाड्यातल्या डेंटिस्टकडे तिघं गेलो. दाढेचं काही नाही. पण आईंच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, तपासून घेऊ. तंबाखू, मशेरी वगैरे?"

सुशांत लगेच — "छे! बाबा गेल्यापासून आमच्या घरात कोणीच नाही."

आईंनी मान खाली घातली. माझ्याकडे बघेनात.

मी म्हटलं, "आहे, डॉक्टर. आम्ही दोघी."