दोन वर्षांनी लहान

९ नोव्हेंबर
सत्तावीस गुण! क्लबच्या बास्केटबॉल संघाकडून पहिलाच हंगाम, आणि लोक उभे राहून ओरडत होते. सामन्यानंतर मावशी भेटली, कितीतरी वर्षांनी. गालावरून हात फिरवत म्हणाली, एकविसाव्या वर्षी नाव काढलंस. मी म्हटलं, एकोणीस गं. तिने बोटं मोजली – तिची मुलगी वीस पूर्ण, आणि ती पोटात असताना मावशी मला कडेवर घेऊन फिरायची म्हणे.
मी बाबांकडे पाहिलं. ते बुटाची नाडी बांधत होते. बांधलेलीच नाडी.

१० नोव्हेंबर
बाबांना विचारलं. आधी उडवून लावलं, मग म्हणाले, "दोन वर्षं कमी दाखवली. नाहीतर तुझी निवड झाली नसती."
आवाजही हलला नाही. आणि याच माणसाने मला शिकवलं – चेंडू आपल्या हाताला लागून बाहेर गेला, तर पंचाच्या आधी आपण सांगायचं!

११ नोव्हेंबर
सरावात एकही बास्केट नाही. प्रशिक्षकांनी बाहेर बसवलं.

१३ नोव्हेंबर
शाळेच्या दिवसांतला तो डावखुरा मुलगा डोक्यातून जात नाही. चौदा वर्षांखालच्या संघात शेवटची जागा त्याची की माझी, असं होतं. निवड चाचणीच्या दिवशी मी त्याला माझ्यापुढे उभं राहू दिलं नाही. कसा देणार – मी पंधराचा होतो! त्याने नंतर खेळच सोडला. आता चष्म्याच्या दुकानात असतो. आज तिथवर गेलो, काचेतून बघितलं, परत आलो. फसवलं बाबांनी. पण हरवलं मी.

१६ नोव्हेंबर
क्लबच्या व्यवस्थापकांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझी फाइल काढून समोर ठेवली. मग म्हणाले, खरा जन्मदाखला आण, तोवर मैदानात उतरायचं नाही.
बाबा एवढंच म्हणाले, "मला विचारायचं तरी."
मला कुणी विचारलं होतं?

१७ नोव्हेंबर
आईकडे खरा दाखला मागितला. तिने ओट्यावरचा गॅस बंद केला. म्हणाली, "तुझा कधी काढलाच नाही. शाळेत घालतानाच यांनी तुझ्या धाकट्या भावाचा दिला, पुढे खेळात उपयोगी पडेल म्हणून. तीन महिन्यांचा असतानाच गेला रे तो."
मला भाऊ होता.
घरात मला सगळे सोन्याच म्हणतात. जर्सीवर लिहिलंय ते नाव त्याचं.