कुंडीतलं झाड मेलेलं नव्हतं

अहो सुभेदार,

हो हो, घातलं पाणी! सकाळीच घातलं, बुडाशी, पानांवर नाही. किती वेळा विचारता? आता म्हणाल, पानं कुठून आली? तेच सांगायला तर बसलेय. सातवी पास बाईचं अक्षर आहे, चष्मा पुसून वाचा.

सुभेदार तुम्ही कधी नव्हतात, फौजेतून हवालदार म्हणूनच घरी आलात. पण चाळीस वर्षं मीच बढती दिलीय, आता कशाला काढून घेऊ?

काल मोगऱ्यासाठी कुंडी पाहिजे होती. म्हटलं, तुमच्या त्या फ्यूशियाच्या झाडाची घ्यावी, त्यात उरलंय काय, चार काटक्या. खुरपं घातलं आणि हात थांबला. काटक्यांच्या बुडाशी, थेट मातीतून, लालसर कोंब! एक नाही, तीन! मी तिथेच फतकल मारली. आपला सुनील वरून ओरडला, "आई, गिरलीस का?" म्हटलं, "नाही रे, तुझे बाबा जिंकले!"

पाच महिने झाले तुम्हाला जाऊन. पाच महिने मी त्या झाडालाही गेलेलंच समजत होते.

आठवतं, पहाडातून पहिल्या सुट्टीवर आलात ते? ट्रंक उघडलीत. मी नवी नवरी, मला वाटलं शाल निघेल. निघाला ओला मोजा आणि त्यात एक काडी! वर म्हणता कसे, "याला झुमके लागतात." लागले की, लाल-जांभळे, खाली माना घालून. पण कानात घालता येतात का? विचारलं तर मिशीतल्या मिशीत हसलात.

नर्सरीवाला म्हणाला होता, "भिया, पहाड़ की चीज है, इंदौर में नी टिकेगी." तुम्ही भडकलात. "हार्डी है, हार्डी! चिवट आहे!" मग काय थाट त्याचे! कुंडी मोठ्या कुंडीत, मधे ओली वाळू, भोवती पोतं. जागा अशी की सकाळचं कोवळं ऊनच लागावं. एप्रिलात ते सावलीत आणि मी गच्चीवर पापड वाळवतेय! एवढं मला जपलं असतं तर मलाही झुमके लागले असते.

आणि थंडी सरली की कात्री घेऊन सगळं छाटून टाकायचात, वीतभर ठेवायचात. मी ओरडायची, "मारलंत की हो!" तुम्ही म्हणायचात, "वरून मरतं गं हे, खालून नाही. मूळ थंड ठेव आणि वाट बघ." मी कधी ऐकलं तुमचं? एवढं एक ऐकायला काय झालं होतं मला!

मे महिन्यात तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. वीस दिवस मी तिथेच, घरी फक्त अंघोळीपुरती. सुनीलची ऑफिस आणि दवाखाना यातच दमछाक. झाड कुणाला आठवणार? एका दुपारी मागे जाऊन बघितलं तर पानं पापडासारखी, काड्या हात लावला की कटकन मोडायच्या. कुंडी भिंतीआड सरकवून दिली. संध्याकाळी तुम्ही नेमकं तेच विचारलंत, "कळ्या आल्या का?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "भरलंय नुसतं!"

काय फुललात हो! आणि मग हट्टच धरलात. "मला घरी ने. कुंडीजवळ खाट टाक. एकदा बघतो." रोज तेच. मी रोज म्हणायची, डॉक्टर नाही म्हणतात. तुम्ही त्या पोराला काय काय शिव्या दिल्यात! "कल का छोकरा मला शिकवतो!" चौथ्या दिवशी विचारायचं सोडलंत. भिंतीकडे तोंड केलंत. पाचव्या दिवशी गेलात.

असं तोंड फिरवून जातं का कुणी? मला एकदा तरी रागवायचं होतंत.

ते मेलं नव्हतं हो. तुम्ही सांगितलं होतंत तसंच होतं, खालून जिवंत. तुम्ही बघितलं असतंत तर एका नजरेत ओळखलं असतंत. मलाच उलटं चिडवलं असतंत.

आता कुंडी जागेवर ठेवलीय, पोतं नवं बांधलंय. थंडीत वाढेल, शेंडे खुडत जाईन म्हणजे फांद्या फुटतील. छाटणीची कात्रीही मीच धरीन. आणि पुन्हा कधी वाळून गेलेलं दिसलं तरी फेकणार नाही, वाट बघेन. वचन देते.

आणि त्या डॉक्टरला आता शिव्या देऊ नका. तुम्ही हट्ट धरलात त्या पहिल्याच दिवशी बिचाऱ्याने सांगितलं होतं, "माताजी, ले जाओ घर, जो इनका मन है, करने दो." मीच नेलं नाही. वाळलेली कुंडी तुम्हाला दाखवायची लाज वाटली म्हणून.

तुमची,
सरू