बूड तुझं, गळा माझा

प्रिय देवराव,

जन्मभर तुझ्यासमोर बसलो, पण तुला कधी एक ओळ लिहिली नाही. लिहायची गरजच काय होती? मी हातोडी कशी उचलतो यावरून तुला माझं पोट दुखतंय की घरी भांडण झालंय ते कळायचं. आज लिहितोय, कारण आज अक्षय तृतीया. तुझ्या घरी पितरांची घागर भरली, आणि पितरांमध्ये या वर्षी तू बसलायस.

मातीची घागर, देवराव! उभा जन्म पितळ ठोकण्यात गेला आणि शेवटी तुझ्या वाट्याला कुंभाराची घागर आली. मला आधी हसू आलं. मग ताटातला भात नुसताच कालवत बसलो.

त्यातच मंदावहिनींनी विचारलं, "भाऊजी, आपल्या आशूचा आंदणाचा पितळी गुंड झाला का? पोरीचं लगन तं तोंडावर आलं." मी ऐकू न आल्याचं सोंग केलं. आपली जुनीच युक्ती! ठोकून ठोकून दोघांचे कान गेलेले, त्यामुळे नको तो प्रश्न आला की आपण दोघंही ठार बहिरे व्हायचो. पण वहिनी काय आज ओळखतात मला? ताटात पुरणपोळी वाढली आणि आत गेल्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुंड झालेला नाही, देवराव. होईल की नाही तेही मला सांगता येत नाही. हे वहिनींना सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून तुला सांगतोय.

आपलं काम कसं चालायचं ते आठवतं ना? पाण्याचा पितळी गुंड एका पत्र्यातून निघत नाही. खालचा अर्धा वेगळा, वरचा अर्धा वेगळा. बूड तुझं, गळा माझा, हे कोणी ठरवलं होतं? कोणीच नाही. करडीहून पहिल्या एस.टी.ने आलास, समोरची जागा रिकामी होती, बसलास. शेतकऱ्याचा पोरगा, धानाच्या बांधीतून उठून थेट भट्टीपुढे. मी म्हटलं होतं, हा पोळ्यापर्यंत टिकला तरी पुष्कळ. तू तर माझ्याही पुढे निघालास. मग दोन्ही अर्धे तापवून झाळ देऊन जोडायचे, सांध्यावरून एक ठोका तुझा, एक माझा. भंडाऱ्याच्या बाजारातून असे किती गुंड कोणाकोणाच्या आंदणात गेले असतील! एकावरही आपलं नाव नाही. आपल्याला मात्र तुझा ठोका कोणता आणि माझा कोणता ते दुरूनही दिसायचं. तुझा बारीक आणि दाट, माझा रागीट.

आशूच्या गुंडाचं बूड तू लग्न ठरायच्या आधीच करून ठेवलंस. किती म्हटलं, अरे आधी नवरदेव तर येऊ दे! तू म्हणालास, "नवरदेव येईनच नं बाप्पा, मंग घाई होते." तुझी घाई वेगळीच होती, मला कुठे माहीत! दवाखान्यात नाकात नळी होती तुझ्या. मी पलंगाशी उभा. तू दोन्ही तळहात वाटीसारखे केलेस आणि एकावर एक ठेवलेस. मी मान हलवली. आपलं शेवटचं बोलणं तेवढंच.

आता जे सांगतो ते ऐकून रागावू नकोस. रागाव, खरं तर. कोणीतरी रागवायला हवं आहे.

आपली गल्ली संपली. तू होतास तेव्हा निदान दोन भट्ट्या तरी पेटायच्या. आता दुपारी गल्लीत उभं राहिलं तर कुत्र्याच्या जांभईचासुद्धा आवाज ऐकू येईल, मला नाही, पण ज्याला कान आहेत त्याला. भाऊरावची पोरं पुण्याला कंपनीत डबे चिकटवतात. रघू ई-रिक्षा चालवतो. माझा विनोद नागपुरात घरोघरी पार्सलं पोचवतो, आणि त्या पार्सलांत काय असतं सांगू? स्टीलचे डबे, प्लास्टिकचे जग. परवा फोनवर म्हणाला, "बाबा, आता पितळेचं काई खरं नाही, तुमी कायले त्या धुरात बसून राहता?" मी म्हटलं, मग कुठे बसू ते सांग. या वयात, या कानांनी, दुसरं कोणतं काम शिकू मी? लहानपणापासून एकच गोष्ट हाताला येते, आणि तिचीच कोणाला गरज उरली नाही. झोपेतून उठलो की पहिला विचार हाच येतो, आज कशासाठी उठायचं?

आपल्या कारखान्याच्या शेठजींनी मला बोलावून चहा दिला. शेठजींनी स्वतःहून चहा दिला तेव्हाच मी काय ते ओळखलं. म्हणाले, "शंकर, आता दुकानात गिऱ्हाईक येते ते जुनं पितळ मोडीत विकाले, नवं घ्याले कोणी येत नाही. कारखान्याची जागा लॉनले देऊन राहिलो. लगनाचं लॉन." मी विचारलं, "अन् मी?" ते म्हणाले, "तुले गेटवर ठेवतो नं. खुर्ची देतो, कपडे देतो. बसून राहाचं." वाईट माणूस नाही रे तो. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. पण त्या पाण्याचं मी काय करू?

कारखाना रिकामा करायचा त्या दिवशी मी तिथे नव्हतो. त्याच गेटवरच्या नोकरीच्या कपड्यांचं माप द्यायला गेलो होतो. कपाळाला हात लावलास ना? मीही लावला. मोडवाल्याचा टेम्पो आला. माल भरायला रघूला बोलावलं होतं, आपलाच जुना माणूस म्हणून. आणि तिथेच घात झाला.

आपला नेम तुला माहीत आहे. अर्धं भांडं म्हणजे मोड. फक्त ज्या अर्ध्यावर गेरूचा टिळा असेल ते कोणाला तरी शब्द देऊन ठेवलेलं, त्याला हात लावायचा नाही. टिळा असेल तर मालकसुद्धा शिवत नाही. आणि घरच्या वस्तूला गेरू लावत नाहीत, कारण घरच्याला काय शब्द द्यायचा! तू लावला नाहीस. तू गेल्यावर मीही लावला नाही. माझं गळ्याचं काम घरी होतं म्हणून वाचलं. तुझं बूड तिथेच खुंटीवर होतं, कोरं. रघूने नेमानं बघितलं, टिळा नाही, टाकलं टेम्पोत. त्याला काय बोलू? आपणच शिकवलेलं त्याने चोख पाळलं.

मी परत आलो तर खुंटी रिकामी. देवराव, तू गेलास त्या दिवशी मी रडलो नव्हतो, लोकांनी नावं ठेवली. त्या खुंटीखाली बसून मात्र मी पोरासारखा रडलो.

रघूच्याच रिक्षातून मोडवाल्याचं गोदाम गाठलं. सारा वेळ रघू "शंकरभाऊ, मले नाही कळलं जी, मले नाही कळलं" म्हणत होता. गोदामात पितळेचा डोंगर. ताटं, समया, भाताचे गंज, कोणाच्या लेकीचं, कोणाच्या आजीचं. एरवी मी त्या डोंगराकडे बघूही शकलो नसतो. दोघांनी हातांनी उपसला. सापडलं. पण कसं! ते लोक जागा कमी लागावी म्हणून भांडी घणाने चेपतात. तुझं बूड पुरीसारखं चपटं झालं होतं, काठाला तडा गेलेला. मोडवाला म्हणाला, "काका, हे कायले पाह्यजे तुमाले? याचं काई होत नाही आता." फुकट द्यायला तयार होता. पण पितळ फुकट आणू नये, पितळेला पितळ द्यावं. घरी परतलो, तर सुमननं तिच्या आंदणातलं कोपर, ती मोठी पितळी परात, काढून दिलं. "घेऊन जा," एवढंच म्हणाली. माझी बायको इतकं कमी बोललेली तू कधी ऐकलीस का?

परसात खड्डा खणून भट्टी केली. कोळसा घातला, जुना हातपंखा लावला. बूड तापवलं आणि तेव्हा कळलं की आपण दोघं होतो म्हणून काम होतं. समोर धरायला कोणी नाही! एका हाताने सांडस, एका हाताने हातोडी, आणि पत्रा फिरवणार कोण? मी चुकून समोर बघून मान हलवली, फिरव म्हणून. समोर भिंत होती.

आणि दुसरं दुखणं त्याहून मोठं. चपटा पत्रा वर उठवायचा तर सगळीकडून ठोकावा लागतो. म्हणजे तुझ्या प्रत्येक ठोक्यावर माझा ठोका. गुंड उभा राहील, पण त्यात तू उरणार नाहीस. मग तो आशूच्या बापाचा गुंड कसा? आणि ठोकला नाही तर तो गुंडच कसा? सांग ना! इतकी वर्षं समोर बसलास आणि नेमका या पेचाला पाठ फिरवून गेलास. हा तुझा अन्याय आहे, देवराव, तोंडावर सांगतो.

असे कित्येक दिवस तो पत्रा मांडीवर घेऊन बसून होतो. आज दुपारी तुझ्या घरून आलो आणि तसाच बसलो. मागून आशू आली. मी ऐकलं नाही, कसं ऐकणार? तिची सावली पत्र्यावर पडली तेव्हा कळलं.

लपवायला वेळच मिळाला नाही. सगळं सांगितलं. टिळा, टेम्पो, घण, सगळं. वाटलं, आता ही रडेल, किंवा म्हणेल राहू द्या काका. तिच्या सासरी नागपुरात दोन खोल्यांचं घर, पाणी फिल्टरचं, गुंड ठेवायला जागा तरी कुठे? ती खाली बसली. पत्र्यावरून बोट फिरवू लागली. चेपलेल्या वळ्यांच्या आत, बुडाच्या मधोमध, वीतभर जागा घणातून वाचली आहे. तिथे तिचं बोट थांबलं.

"काका, हे बारीक बारीक, हे बाबाचे ठोके होत का?"

"हो."

"मंग याले हात नोका लावू."

मी म्हटलं, "पोरी, तेवढं सोडलं तं बूड सरकं होत नाही. गुंड वाकडा बसन. काठाले तडा हाये, पाणी गळन."

"आई चुंबळ करून देईन, चुंबळीवर बसन नं. अन् पाणी कोण भरून राहिलं? करडीचे तांदूळ भरीन मी त्यात." मग माझ्या कानाशी तोंड आणून, तू जसा ओरडायचास तशी ओरडली, "तुमी फक्त जोडून द्या, काका!"

मग तिनेच सांडस उचलली. मी नको नको म्हणत होतो, लग्नाची पोर, हळद लागायची आहे, हात भाजला तर वहिनी मला उभा जाळतील. ती ऐकेचना. कान तिचे चांगले आहेत, पण तुझीच लेक ना! समोर बसली, अगदी तुझ्यासारखी, एक गुडघा वर करून. पत्रा लाल झाला. मी हातोडी उचलली आणि मान हलवली.

तिने फिरवला, देवराव.

बोटभर उठलाय पत्रा. फक्त बोटभर. उद्या पुन्हा बसू आम्ही. तडा वाढला तर सगळंच गेलं, हे मला माहीत आहे. भीती वाटते. लग्न होईल, ती जाईल, समोर पुन्हा भिंत येईल, आणि पुढच्या महिन्यात मी लॉनच्या गेटवर खुर्चीत बसेन, आपली भट्टी होती त्याच जागेवर, लोकांच्या वराती मोजत. त्याचा इलाज माझ्याकडे नाही. तू तिथून काही करू शकत असशील तर कर, माझं नाव सांग वरच्याला.

पण एवढा एक शब्द देतो. हळदीच्या आधी गुंड तुझ्या दारात पोचेल. वाकडा असेल, गळका असेल, पण जोडलेला असेल, आणि वीतभर जागेत माझी हातोडी जाणार नाही. आत्ता हे लिहायच्या आधी गेरू कालवला आणि तुझ्या त्या वीतभर जागेवर टिळा लावला. घरच्याला शब्द देत नाहीत म्हणे! मी दिला.

तुझा सामनेवाला,
शंकर