रविवारची पंगत

दादास उषाचा नमस्कार,

सात रविवार मला गरम वरण मिळालेलं नाही, ही बाब सरकारदरबारी नोंदवावी इतकी गंभीर आहे. आठवड्यातून एकदाच आमचं घर एका पंगतीला बसतं आणि नेमक्या तेव्हाच अख्ख्या अड्याळ गावाला कळा येतात. म्हणूनच आमच्या डॉक्टर सुनेला, कामिनीला, नागपूरला नोकरी बघ असं मी तुला म्हटलं होतं. तिला न विचारता.

मागच्या रविवारी मासोळ्या विकणारी सखाबाई पोटुशी लेक घेऊन आली. मी दारातूनच सांगितलं, "डॉक्टरीण पवनीले गेली."

"मंग बसतो जी अंगणात. डॉक्टरीण जेवाले तं येईनच."

कामिनी आतून उष्ट्या हातानं उठली, दोघींना घेऊन दवाखान्यात धावली. बाळ पायाळू निघालं. मायलेकरं वाचली. मला मात्र ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

नागपूर नको, दादा. ती इथंच राहील, आणि तिला हलवायला कोणी आलं तर माझ्याशी गाठ आहे. हे पत्र काही मी टाकणार नाही. फोनवर फक्त 'नको' म्हणेन.

आज सकाळी सखाबाईच्या घरी गेले. म्हटलं, "त्या दिवशी कामिनी घरीच होती."

"मले मालूम होतं जी. तिची चप्पल दिसून राहिली होती."

मी पदर खोचला आणि तिच्या लेकीला शेक द्यायला बसले.

तुझी धाकटी,
उषा